४२९४९६७२९७ : फर्माला ६४१ का सापडला नाही?

रिकामी_पाटी

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. गेले काही दिवस ही एकच संख्या माझ्या वहीत ठाण मांडून बसली आहे आणि तिच्याविषयी जाणकारांशी बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते (पुढे सोयीसाठी घात २^३२ असा लिहीन). २ चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट करत नेला आणि प्रत्येक वेळी १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि मग आपली ही संख्या मिळते. यांतील पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्माने १६४० साली पत्रांतून असे मत मांडले की या रीतीने मिळणारी प्रत्येक संख्या मूळच असते. १७३२ साली ऑयलर या गणितीने दाखवून दिले की सहाव्याच संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो.

माझा प्रश्न असा आहे. ६४१ ही काही मोठी संख्या नव्हे. मूळ संख्यांच्या यादीत ती ११६ वी येते. ज्याने संख्यासिद्धांतात इतके खोल शोध लावले, त्याला हा भागाकार का सापडला नसावा? आणि एका चुकीच्या अनुमानाचे उदाहरण एवढीच या संख्येची ओळख आहे, की तिच्यात स्वतःचे असेही काही गुणधर्म आहेत? शक्य असेल तेथे कागद-पेन्सिलीने पडताळता येईल असे लिहावे, ही विनंती.


गुणाकारी

पडताळ्यापासूनच सुरुवात करू. ६७००४१७ × ६०० = ४०२०२५०२००. ६७००४१७ × ४१ = २७४७१७०९७. दोन्हींची बेरीज ४२९४९६७२९७. म्हणजे संख्या ६४१ × ६७००४१७ आहे, यात शंका उरत नाही.


निशिगंध

भागाकार न करताही ६४१ ने भाग जातो हे सिद्ध करता येते, आणि ती सिद्धता मला फार प्रिय आहे. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते.

६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४
६४१ = ५ × १२८ + १ = ५ × २^७ + १

आता ६४१ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा विचार करा. दुसऱ्या ओळीवरून ५ × २^७ ची बाकी −१ येते (म्हणजे ६४०). तिचा चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १ होते. पहिल्या ओळीवरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. म्हणून −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी शून्य. दहा अंकी संख्येला भाग जातो हे सिद्ध करताना ती दहा अंकी संख्या आपण एकदाही लिहिली नाही.


काटकोन

निशिगंध, सिद्धता सुंदर आहे, परंतु ती मूळ प्रश्नाचे उत्तर देत नाही. ६४१ हाती आल्यावर त्याचे असे दोन तुकडे पाडता येतात. तो हाती कसा यावा, हे तिच्यातून कळत नाही. ऑयलरने तो अंदाजाने शोधला नव्हता. त्याच्या पद्धतीचा गाभा असा की ४२९४९६७२९७ चा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून आलेलाच असला पाहिजे.

६४ च्या पटींत १ मिळवत गेलो तर ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ अशी यादी मिळते. यांतील मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. भागाकार करून पाहिला, तर बाक्या अनुक्रमे १०९, २, ३२५, २८८ आणि ० येतात. रिकामी_पाटी यांनी ११६ वी मूळ संख्या म्हटले. प्रत्यक्षात हे पाचव्या भागाकाराचे काम आहे.


अपूर्णांक

पाच भागाकार! आणि अवयव सापडलाच नसता तर ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या, म्हणजे ६५४२. पण ६४ च्या पटीत १ हे बंधन कोठून येते, ते कोणी समजावून सांगेल का? ते कळल्याशिवाय मला ही यादी जादूची वाटत राहील.


जुना_विद्यार्थी

अपूर्णांक, कारण अगदी थोडक्यात सांगता येते. समजा, प ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ उरते आणि वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १ होते. २, ४, ८, १६ असे घात लिहीत गेलो तर त्यांच्या बाक्या ठरावीक पायऱ्यांनी पुन्हा त्याच क्रमाने येतात. ६४ पायऱ्यांनंतर १ येतो, म्हणून या चक्राची लांबी ६४ ची विभाजक असली पाहिजे. ती ६४ पेक्षा लहान असती तर ३२ ची विभाजक असती, आणि मग २^३२ ची बाकी १ आली असती. पण ती −१ आहे. म्हणून चक्र बरोबर ६४ पायऱ्यांचे. आता फर्माचाच छोटा सिद्धांत सांगतो की प ही विषम मूळ संख्या असेल तर २^(प−१) ची बाकी १ असते. म्हणजे प−१ पायऱ्यांमध्ये ही चक्रे पुरी बसतात. म्हणून प−१ ही ६४ ची पट.

ल्युकाने १८७८ साली हे बंधन आणखी घट्ट केले : अवयव १२८ च्या पटीत १ मिळवूनच येतो. मग यादी १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढीच होते आणि तीत मूळ संख्या दोनच, २५७ आणि ६४१. त्यांतही २५७ ही याच मालिकेतील चौथी संख्या आहे, आणि मालिकेतील कोणत्याही दोन संख्या परस्परांशी सहमूळ असतात (१ शिवाय सामाईक अवयव नसतो) हे गोल्डबाखने दाखवले होते. थोडक्यात, ल्युकाच्या वाचकाला पहिल्याच भागाकारात यश आहे.


पाढेवाली

जुना_विद्यार्थी यांच्या उत्तरातील एक शब्द मी पकडते : ‘फर्माचाच’. हा छोटा सिद्धांत फर्माने त्याच १६४० साली फ्रेनिकल या गणितीला कळवला. त्याच वर्षी त्याने २^३७ − १ या संख्येला २२३ ने भाग जातो हे शोधले होते, आणि तेही याच वाटेने : तेथे अवयव ७४ च्या पटीत १ असा असावा लागतो, म्हणून ७५, १४९, २२३ एवढेच पाहायचे. त्यांतील ७५ मूळ नाही, १४९ ने भाग जात नाही, २२३ ने जातो.

म्हणजे हत्यार त्याच्या हातात होते आणि ते त्याने त्याच वर्षी चालवूनही पाहिले होते. मग २^३२ + १ वर ते चालवले नसेल, हे मला पटत नाही. माझे मत स्पष्टच सांगते : त्याने तपासले आणि एखाद्या भागाकारात हात चुकला.


अर्धविराम

पाढेवाली यांचे मत आकर्षक आहे, तरी मी त्याच्याशी सहमत नाही. हात चुकला म्हणण्यासाठी तपासणीचा कागद हवा आणि तसा कागद उपलब्ध नाही. जे उपलब्ध आहे ते वेगळेच सांगते. आपल्याकडे सिद्धता नाही, हे फर्माने १६४० मध्ये मान्य केले होते आणि १६५४ साली पास्कालला लिहितानाही त्याने तेच सांगितले. पुढे १६५९ मध्ये कार्कावीला पाठवलेल्या पत्रात मात्र अनंत अवरोहणाच्या पद्धतीने (विधान खोटे मानून अधिकाधिक लहान संख्यांकडे उतरत जाऊन विसंगती गाठायची) हाताळता येणाऱ्या विधानांमध्ये त्याने हेही विधान घातले. हा क्रम पाहिला तर त्याचे लक्ष एकेका संख्येवर नसून सर्वव्यापी सिद्धतेवर होते, असे मला वाटते. ज्याला सगळ्या संख्यांचा नियम हवा आहे, तो एका संख्येच्या भागाकारात रमेलच असे नाही.


पाढेवाली

अर्धविराम, नियम शोधणारा माणूसच पहिल्या अनोळखी उदाहरणावर तो घासून पाहतो. पाच उदाहरणांवर नियम बांधला आणि सहावे हाताच्या अंतरावर असताना पाहिलेच नाही, हे चुकलेल्या भागाकारापेक्षा मोठे न्यून ठरेल. मी त्याच्या बाजूनेच बोलत आहे.


ध्रुवतारा

मी संगणकाच्या बाजूने या संख्येला भेटलो. ३२ बिटांच्या जागेत ० पासून ४२९४९६७२९५ पर्यंतच्या संख्या मावतात, म्हणजे एकूण ४२९४९६७२९६ वेगवेगळ्या किमती. आपली संख्या त्या जागेच्या अगदी पलीकडची आहे. तिला तेथे बसवू पाहिले की वरचा बिट गळून पडतो आणि १ उरतो. शिकत असताना मी अवयव शोधण्याचा प्रोग्राम लिहिला होता आणि तो या संख्येचा एकही अवयव दाखवत नव्हता. १ ला कोणता अवयव असणार? संख्या मूळ आहे असे समजून मी दोन दिवस आनंदात होतो.

पुढे ६४ बिटांत मांडणी करून मी मूळत्वाची झटपट चाचणी लावली : संख्या स मूळ असेल तर २^(स−१) ची स ने बाकी १ यायला हवी. ती १ च आली! म्हणजे ४२९४९६७२९७ या चाचणीत उत्तीर्ण होते आणि तरीही मूळ नाही. असे का होते, हे मला तेव्हा समजले नव्हते.


निशिगंध

ध्रुवतारा, २ हा पाया येथे निरुपयोगी आहे. २^३२ ची बाकी −१, २^६४ ची बाकी १. आणि स−१ म्हणजे २^३२ ही ६४ ची पट आहेच, म्हणून २^(स−१) ची बाकी १ येणे अटळ. या मालिकेतील प्रत्येक संख्या, मूळ असो वा संयुक्त, पाया २ च्या चाचणीत उत्तीर्ण होते.

पाया ३ घ्या, म्हणजे भेद उघडा पडतो. पेपँने १८७७ साली दिलेली कसोटी अशी : ३ चा (स−१)/२ वा घात घ्या, बाकी −१ आली तर आणि तरच संख्या मूळ. आपल्या संख्येसाठी ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, असे ३१ वेळा करत गेले (प्रत्येक वेळी बाकीच ठेवायची) की १०३२४३०३ उरतात. मूळ संख्येसाठी ४२९४९६७२९६ हवे होते. आणखी एकदा वर्ग केला तर ३०२९०२६१६० उरतात. मूळ संख्येसाठी तेथे १ हवा होता. एकही अवयव न शोधता संख्या संयुक्त ठरली.

या शेवटच्या पायरीसाठी पेपँचीही गरज नाही, फर्माचा छोटा सिद्धांत पुरतो. ३२ वर्ग आणि ३२ भागाकार हाताने करणे कष्टाचे असले, तरी त्या काळच्या गणिताच्या आवाक्याबाहेरचे नव्हते. त्यामुळे मी पाढेवाली यांच्याकडे थोडी झुकते.


दशांशचिन्ह

माझ्या मते या संख्येचे सर्वांत देखणे रूप अजून येथे आलेले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ही संख्या उघडच दोन वर्गांची बेरीज आहे : ६५५३६² + १². जी मूळ संख्या ४ ने भागल्यावर १ बाकी ठेवते, ती दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. म्हणून दुसरा प्रकार सापडला की संख्या मूळ नाही, हे सिद्ध होते. दुसरा प्रकार हा :

६२२६४² = ३८७६८०५६९६
२०४४९² = ४१८१६१६०१
बेरीज = ४२९४९६७२९७

संख्या मूळ नाही एवढेच यातून कळते असे नाही; अवयवही हातात येतात. दोन्ही मांडण्या समोरासमोर ठेवा :

६५५३६² − ६२२६४² = २०४४९² − १²

वर्गांतील फरकाचे अवयव पाडले तर ३२७२ × १२७८०० = २०४४८ × २०४५०. ३२७२ आणि २०४४८ यांचा मसावि ८ आहे. त्याने भागले की ४०९ आणि २५५६ उरतात; आणि १२७८०० = ५० × २५५६, २०४५० = ५० × ४०९. आता मसावि ८ चा अर्धा ४ आणि ५० चा अर्धा २५ घ्या :

४² + २५² = १६ + ६२५ = ६४१
४०९² + २५५६² = १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७

दोन्ही अवयव बाहेर पडले, आणि प्रत्येक स्वतःही दोन वर्गांची बेरीज आहे. ही वाट ऑयलरचीच आहे. त्याने १०००००९ या संख्येचे अवयव असेच पाडले होते. ती १०००² + ३² आहे आणि ९७२² + २३५² सुद्धा आहे, म्हणून ती मूळ नाही. २९३ × ३४१३ आहे.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४. यांतील फरक १ आणि बेरीज २०४४९. वरच्या दोन मांडण्यांतील धाकट्या संख्या नेमक्या याच. थोरल्या संख्याही अशाच मिळतात : २५ × २५५६ = ६३९०० आणि ४ × ४०९ = १६३६, यांची बेरीज ६५५३६ आणि वजाबाकी ६२२६४.


अपूर्णांक

दशांशचिन्ह, २०४४९ हा १४३ चा वर्ग आहे! आणि तुम्ही दिलेल्या १०२२४ आणि १०२२५ या लागोपाठच्या संख्या असल्याने त्यांच्या वर्गांतील फरक त्यांच्या बेरजेएवढाच, म्हणजे २०४४९. म्हणून १४३, १०२२४, १०२२५ हे पायथागोरसचे त्रिकूट झाले. या संख्येच्या पोटात काटकोन त्रिकोण असेल असे मला वाटले नव्हते.


गुणाकारी

एक राहून गेले. ६४१ ने भाग गेला म्हणजे निम्मेच काम झाले. ६७००४१७ मूळ आहे की नाही? येथेही वरचे बंधनच उपयोगी पडते, कारण ६७००४१७ चा अवयव हा मोठ्या संख्येचाही अवयव असतो. तिचे वर्गमूळ २५८८ च्या जरा वर आहे. तेथपर्यंत १२८ च्या पटीत १ अशा मूळ संख्या पाचच आहेत : २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. सदुसष्ट लाखांच्या घरातील संख्येचे मूळत्व पाच भागाकारांत निश्चित होते.


काटकोन

अपूर्णांक यांनी काटकोन काढलाच आहे, तर भूमितीचेही दोन शब्द. गाउसने १७९६ साली दाखवले की कंपास आणि मोजपट्टीने १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते. पुढे नियम असा ठरला की बाजूंची विषम संख्या या मालिकेतील वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तरच रचना शक्य आहे. ‘तरच’ ही बाजू वांत्झेलने १८३७ साली सिद्ध केली. ६४१ ही या मालिकेतील नसल्यामुळे ४२९४९६७२९७ बाजूंची आकृती या साधनांनी काढता येत नाही. तिच्याहून २ ने लहान असलेली ४२९४९६७२९५ मात्र ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ आहे, म्हणून तेवढ्या बाजूंची आकृती तत्त्वतः काढता येते. ज्ञात विषम बाजूसंख्यांमध्ये तीच सर्वांत मोठी आहे. मालिकेतील सहावी संख्या मूळ निघाली असती, तर ही मर्यादा कितीतरी पुढे गेली असती.


रिकामी_पाटी

एवढ्या आपुलकीने सर्वांनी लिहिले, याचे मनापासून आभार. काल रात्री मी १ ला ६४१ ने भागत बसले होते. दशांश चिन्हानंतर ००१५६००६२४०२४९६० असे सोळा अंक आले आणि तेथे बाकी बरोबर ६४० उरली. पुढचे सोळा अंक ९९८४३९९३७५९७५०३९ आले, म्हणजे पहिल्या सोळा अंकांतील प्रत्येक अंक ९ मधून वजा केलेला. आणि मग सगळे पुन्हा पहिल्यापासून. आवर्तन ३२ अंकांचे. ज्या ६४१ ने २^३२ + १ ला भाग जातो, त्याचेच दशांश आवर्तन ३२ अंकांचे यावे, यामागे काही कारण आहे का?


जुना_विद्यार्थी

कारण आहे, आणि ते निशिगंध यांच्या पहिल्याच प्रतिसादात दडलेले आहे. सोळाव्या पायरीला बाकी ६४० उरली, याचा अर्थ १०^१६ ची बाकी −१, म्हणजेच ६४१ ने १०^१६ + १ या सतरा अंकी संख्येलाही भाग जातो. आता ६४१ = ५^४ + २^४ आठवा. ५^४ ची बाकी −२^४, म्हणून वर्ग केल्यावर ५^८ आणि २^८ यांच्या बाक्या सारख्या. दोन्ही बाजूंना २^८ ने गुणले की १०^८ आणि २^१६ यांच्या बाक्या सारख्या झाल्या. खरोखर भागून पाहा : १०००००००० ला भागा किंवा ६५५३६ ला, बाकी १५४ च येते. पुन्हा एकदा वर्ग केला की १०^१६ आणि २^३२ यांच्याही बाक्या सारख्या, म्हणजे दोन्ही −१. तुमच्या भागाकारातील ६४० आणि ऑयलरच्या भागाकारातील शून्य या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.


पाढेवाली

हे वाचून झेरा कोलबर्नची आठवण झाली. १८०४ साली जन्मलेला हा मुलगा तोंडी गणितासाठी प्रसिद्ध होता. आठ वर्षांचा असताना लंडनमध्ये त्याला हीच संख्या मूळ आहे का असे विचारले गेले आणि त्याने मनातल्या मनात ६४१ हा अवयव सांगितला, अशी नोंद आहे.


अर्धविराम

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण काटकोन आणि गुणाकारी यांचे आकडे पाहून माझे मत काहीसे बदलले आहे. मालिकेतील पुढची संख्या २^६४ + १. तिचा सर्वांत लहान अवयव २७४१७७ आहे, म्हणजे २५६ × १०७१ + १. ल्युकाचे घट्ट बंधन वापरले तरी १०७१ व्या पटीपर्यंत जावे लागते. लँद्रीने ती १८८० साली फोडली. त्यापुढची संख्या फुटायला १९७० साल उजाडले. आजवर सहाव्या संख्येपासून तेहतिसाव्या संख्येपर्यंत सगळ्या संयुक्त ठरल्या आहेत आणि पाचवीनंतर एकही मूळ सापडलेली नाही.

म्हणजे फर्माला स्वतःच्या हाताने स्वतःचे अनुमान मोडण्याची संधी नेमक्या एका संख्येत होती आणि ती संख्या ही. त्याने ती पाहिलीच नसेल असे मी म्हटले होते. आता तेवढ्या ठामपणे म्हणणार नाही.


रिकामी_पाटी

आज सुटी होती, म्हणून काटकोन यांनी दिलेले पाचही भागाकार मी कागदावर, कोणतेही यंत्र न घेता केले. १९३, २५७, ४४९, ५७७ यांच्या बाक्या त्यांनी दिल्याप्रमाणेच आल्या. ६४१ च्या भागाकारात मात्र शेवटी ५४१ बाकी उरली. भाग जातो हे मला आधीच ठाऊक होते, म्हणूनच मी मागे फिरले. १०८९ मधून ६४१ वजा करताना ४४८ ऐवजी ४३८ लिहिले गेले होते. पुढे ४३८७ मध्ये ६४१ सहा वेळा गेला आणि ५४१ उरले. उत्तर ठाऊक नसते, तर मी ती बाकी लिहून ७६९ कडे वळले असते आणि ६४१ कडे पुन्हा पाहिलेही नसते. पाढेवाली, तुमचे म्हणणे मला आता पटते.


गुणाकारी

रिकामी_पाटी, चुकलेला भागाकार पुसून टाकू नका. त्याचा नवाचा ताळा पाहा. भागाकार ६७००४१६, बाकी ५४१. ६४१ च्या अंकांची बेरीज ११, म्हणजे २. ६७००४१६ ची २४, म्हणजे ६. २ × ६ = १२, म्हणजे ३; त्यात ५४१ चा १ मिळवला की ४. मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ५९, म्हणजे १४, म्हणजे ५. ताळा जुळत नाही. हा ताळा फर्माच्या काळीही वापरात होता.


पाढेवाली

मग त्याने ताळा घेतला नसावा, एवढीच दुरुस्ती मी माझ्या मतात करते.


रिकामी_पाटी

बरोबर भागाकाराचाही ताळा घेतला. ६४१ चे २, ६७००४१७ चे २५ म्हणजे ७, गुणाकार १४, म्हणजे ५. जुळला. आता २^६४ + १ साठी नवीन वही काढली आहे. २५६ च्या पटी लिहायला सुरुवात केली असून २५७ आणि ७६९ तपासून झाले आहेत.